जबड्याचा सांधा आणि दांतांवरील स्प्लिंट

रागानें दांतओठ खाणारा मनुष्य दुसऱ्याचें कितपत नुकसान करतो कोण जाणे; स्वतःच्या जबड्यास मात्र तो शिणवितो खास. कानाच्या पुढें बोट ठेवून तोंड उघडलें असतां जी हालचाल लागते, ती जबड्याच्या सांध्याची होय. उजव्या-डाव्या अशा दोन सांध्यांनीं खालचा जबडा कवटीशीं जोडलेला असून, प्रत्येक सांध्यांत दोन हाडांच्या मध्यें एक चिवट चकती असते. ती जागची सरकली म्हणजे जांभई देतांना ‘कट्’ असा आवाज होतो. दुःख नसून नुसता आवाजच असेल, तर बहुधा उपचाराची गरज नसते. परंतु चावतांना कळ येणें, कानशिलें ठणकणें, तोंड पुरतें न उघडणें, हीं लक्षणें असल्यास उपाय पाहावा लागतो.

असा उपाय म्हणून दंतवैद्य पुष्कळदां स्प्लिंट देतात. ही अ‍ॅक्रिलिकची कठीण पट्टी दांतांच्या मापावरून घडवितात व बहुधा रात्रीं निजतांना लावावयाची असते. झोपेंत दांत खाणाऱ्यांच्या दांतांची झीज ती स्वतःवर घेते, हा तिचा उघड गुण आहे. वेदना मात्र तिनें कितपत शमते, हा वादाचा प्रश्न आहे.

वाद जुना आहे. १९३४ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथील कानाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनीं असें मत मांडलें कीं, दाढा पडल्यानें जबडा अधिक मिटतो, सांध्यावर दाब येतो आणि त्यामुळें कान व डोकें दुखतें. शरीररचनाशास्त्रज्ञांनीं पुढें ही उपपत्ति खोडून काढली. तथापि दांतांची ठेवण बदलण्याचा सोस कित्येक वर्षें टिकला. १९७२ सालीं ग्रीन व लॅस्किन यांनीं मोठी मार्मिक परीक्षा केली. चावण्याच्या पृष्ठभागास मुळींच न झांकणारी पट्टी वापरूनहि शेंकडा सुमारें ४० रोग्यांस उतार वाटला. सर्व दांत झांकणाऱ्या पट्टीनें तो सुमारें ८० जणांस वाटला. म्हणजे गुणाचा बराच वांटा विश्वासाचा व काळाचाहि असावा.

‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, दीर्घकालीन दुखण्यावर जबड्याचे व्यायाम, हातांनीं करावयाचा उपचार व मानसोपचार यांवर भर दिला आहे. काढतां-घालतां येणाऱ्या स्प्लिंटविषयीं त्यांचा कल प्रतिकूल, पण सौम्य आहे. दांतांची ठेवण कायमची बदलणाऱ्या स्प्लिंटविरुद्ध मात्र त्यांनीं कडक इशारा दिला आहे.

यावरून आम्ही वाचकांस इतकेंच सुचवितों कीं, केवळ या दुखण्यासाठीं चांगले दांत घांसून घेण्यास संमति देण्यापूर्वीं दुसऱ्या तज्ज्ञाचें मत अवश्य घ्यावें. घांसलेला दांत पुन्हा येत नाहीं. कांहीं दिवस मऊ अन्न खावें, ऊन शेक घ्यावा, आणि दिवसां ओठ मिटलेले पण दांत सुटे ठेवण्याची संवय लावावी.

आणखी एक गोष्ट आमच्या घरांसाठीं. भोजनोत्तर सुपारी खाणाऱ्याचें तोंड हळूहळू कमी उघडूं लागलें व तिखट झोंबूं लागलें, तर दोष सांध्याचा न मानतां गालाच्या आंतील त्वचेचा समजावा. तेथें स्प्लिंटचा उपयोग नाहीं. सुपारी तत्काळ सोडावी व डॉक्टरांस तोंड दाखवावें. कारण या विकारांतून पुढें कर्करोगहि उद्भवूं शकतो. तसेंच, जिना चढतांना जबडा दुखून विसांव्यानें थांबत असेल, तर प्रथम हृदयाची तपासणी करावी.