अर्धे घर राहायला, अर्धे भाड्याला : घरपट्टीचा हिशेब

कामगार निवृत्त होतो तेव्हा प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून आयुष्यात प्रथमच एक ठोक रक्कम त्याच्या हाती पडते. ती बहुधा घरात जाते. खालच्या मजल्यावर आपण राहावे, वरचा मजला भाड्याने द्यावा आणि त्या भाड्यात कर्जाचा हप्ता भागवावा, असा बेत असतो. बेत शहाणपणाचा आहे. परंतु जागा निवडताना भाव, कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर आणि भाडे एवढेच पाहिले जाते; घरपट्टीचा विचार बिल हाती पडल्यावर सुरू होतो. कर्ज एक दिवस फिटते, घरपट्टी कधीच फिटत नाही. म्हणून जागा घेण्यापूर्वीच तिचा विचार केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रथम, ही पट्टी बसते कशावर? महाराष्ट्रात तिच्या दोन रीती आहेत. एक करयोग्य मूल्याची. घर वाजवी रीतीने वर्षाला किती भाड्याने जाईल हे ठरवायचे, दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर कर आकारायचा. पुण्यात हीच रीत आहे. दुसरी भांडवली मूल्याची. तिच्यात भाडे नव्हे, तर मालमत्तेची किंमत पाहतात. मुंबईने ती २०१० पासून स्वीकारली. म्हणजे एके ठिकाणी भाड्याची ताकद पट्टी वाढविते, तर दुसरीकडे जमिनीचा भाव. आपण घर घेतो ते गाव कोणत्या रीतीचे, हा पहिला प्रश्न होय.

दुसरा प्रश्न सवलतीचा. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला १९७० पासून चाळीस टक्के सवलत आहे. मध्यंतरी राज्य शासनाने ती काढून घेतली आणि २०२३ मध्ये पुन्हा दिली. नव्याने आकारणी झालेल्या घराला ती आपोआप मिळत नाही. स्वतः राहत असल्याचा पुरावा जोडून पी. टी. ३ हा अर्ज द्यावा लागतो. ही सवलत राहत्या घराची आहे, भाड्याच्या घराची नव्हे. येथे आकड्यांची एक गंमत ध्यानात घ्यावी. चाळीस टक्के सवलत गेली म्हणजे बिल चाळीस टक्क्यांनी वाढते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः साठ रुपयांचे शंभर होतात. म्हणजे वाढ दोनतृतीयांश झाली! म्हणून दोन मजल्यांची आकारणी एकत्र झाली आहे की वेगवेगळी, हे उताऱ्यावर आधी पाहावे, आणि जुन्या मालकाचे सवलतीचे बिल पाहून स्वतःचा हिशेब मांडू नये. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कराची माफी मिळाली. म्हणजे शहर बदलले की हिशेबही बदलतो.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन घरांची किंमत सारखी आहे. शहरातल्या घराचा वरचा मजला महिना ९,००० रुपयांनी जातो, पट्टी वर्षाला १४,००० आहे. हद्दीवरच्या घराला भाडे ७,५०० आणि पट्टी अवघी ४,०००. एक महिना जागा रिकामी राहील असे धरले, तर पहिल्याचे ९९,००० मधून १४,००० जाऊन ८५,००० उरतात. दुसऱ्याचे ८२,५०० मधून ४,००० जाऊन ७८,५००. पट्टी कमी, आणि पदरात पडते तेही कमी! त्यात हद्दीवर नळ नसला आणि टँकरला महिना हजार रुपये द्यावे लागले, तर आणखी बारा हजार गेले. टँकर ही न छापलेली पट्टीच होय.

शिवाय आजची स्वस्त पट्टी उद्या टिकेलच असे नाही. पुणे महापालिकेत २०१७ साली अकरा गावे आणि २०२१ साली तेवीस गावे आली. ग्रामपंचायतीची पट्टी पाहून तेथे घर घेतलेल्यांपुढे महापालिकेची आकारणी उभी राहिली, आणि पाणी व रस्ते येण्याआधी बिल आले, ही तेथील रहिवाशांची तक्रार राहिली. म्हणून शहरालगतच्या गावात घर घेताना हिशेब दोनदा करावा : एकदा आजच्या पट्टीने, एकदा शहराच्या पट्टीने. दुसऱ्या हिशेबातही हप्ता निघत असेल, तरच सौदा करावा.

थकबाकीचेही तसेच. पुण्यात थकलेल्या पट्टीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. म्हणजे वर्षाला चोवीस. विकणाऱ्याने थकविलेली पट्टी मालमत्तेबरोबर चालत येते, म्हणून खरेदीखतापूर्वी बेबाकीचा दाखला मागावा. उलट वेळेवर भरण्यात एक लाभही आहे. भाड्याच्या उत्पन्नावर आयकर काढताना, भाड्याने दिलेल्या भागाची घरपट्टी मालकाने त्या वर्षी प्रत्यक्ष भरली असेल तर ती वजा मिळते. थकविलेली मिळत नाही.

शेवटी वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचा विचार. तोही बहुधा आपल्यासारखाच कामगार असतो. हिशेब न करता घेतलेल्या घराची पट्टी वाढली, की मालक ती भाड्यात घालतो आणि दोन कामगार एकमेकांशी भांडत बसतात. पट्टी द्यावी, कारण गटार, दिवे आणि पाणी तिच्यातूनच येतात. मात्र ती आधी मोजून द्यावी, आणि दिल्यावर वॉर्ड ऑफिसात जाऊन तिचा जाब संघटितपणे मागावा. घरमालक झालो म्हणून संघटना विसरण्याचे कारण नाही.