तबकडीवर न छापलेली नावे

नाशिकसारख्या शहरात ग्रामोफोनच्या तबकड्या जपणाऱ्या रसिकाचे कपाट उघडले, तर आत काय सापडेल याचा अंदाज बांधणे अवघड नाही. याच नाशकात १९२१ साली जन्मलेले द. वि. पलुस्कर तेथे असतातच. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर असतात आणि हिंदी चित्रपटगीतांचा एक जाडजूड गठ्ठाही असतो. जाझ मात्र बहुधा नसते. हे संगीत म्हणजे परक्या नृत्यगृहातील गोंगाट, आपल्या कानांशी त्याचा संबंध नाही, असा समज अजून पुरता गेलेला नाही. वस्तुतः ज्याचा कान रागदारीवर तयार झाला आहे त्याला जाझकडे जाण्याची वाट इतरांपेक्षा सोपी आहे. किंबहुना त्या वाटेचा बराच भाग त्याच्या कपाटातूनच जातो.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांपेक्षा अधिक संगीत मावत नसे. पलुस्करांनी एवढ्या अवधीत रागाचे रूप कसे उभे केले, हे त्यांच्या चाहत्यांना सांगावे लागत नाही. नेमक्या याच बंधनात अमेरिकेतील जाझ वाढले. लुई आर्मस्ट्राँगने १९२८ च्या जूनमध्ये ध्वनिमुद्रित केलेली ‘वेस्ट एंड ब्लूज’ ही तबकडी प्रथम ऐकावी. आरंभीचे दहा-बारा सेकंद ट्रंपेट एकटाच वाजतो, साथ नाही, ठेका नाही. ती एक मोकळी तान आहे, आणि ती ऐकल्यावर ‘गोंगाट’ हा शब्द पुन्हा वापरणे कठीण जाते.

दुसरी शिफारस माइल्स डेव्हिस याच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या दीर्घ तबकडीची. १९५९ च्या मार्च व एप्रिल महिन्यांत केवळ दोन बैठकींत तिचे ध्वनिमुद्रण झाले. त्यापूर्वीच्या जाझमध्ये वादकाला क्षणोक्षणी बदलणाऱ्या स्वरसंघांमागे धावावे लागे. डेव्हिसने ती धावपळ कमी केली आणि एकेका स्वरसप्तकावर दीर्घकाळ रेंगाळण्याची मुभा दिली. तिच्यातील ‘सो व्हॉट’ ही पहिली रचना ज्या स्वरावलीवर उभी आहे, ती म्हणजे आपला काफी थाट : गंधार आणि निषाद कोमल, बाकी स्वर शुद्ध. बत्तीस खंडांच्या आवर्तनात पहिले सोळा खंड एका षड्जावर, पुढचे आठ खंड षड्ज अर्ध्या स्वराने वर चढलेला आणि अखेरचे आठ पुन्हा मूळ जागी. आपल्याकडे षड्ज हलत नाही, म्हणून हा मधला भाग प्रथम कानाला खटकतो. चार-पाच वेळा ऐकल्यावर त्याचीच वाट पाहिली जाते. या तबकडीवर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या जॉन कोल्ट्रेनने पुढे १९६१ मध्ये ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली आणि आपल्या मुलाचे नाव रविशंकरांवरून रवी ठेवले, हे येथे आठवावे. डेव्ह ब्रुबेकचे ‘टाइम आउट’ही त्याच १९५९ सालचे. त्यातील ‘टेक फाइव्ह’चे पाच मात्रांचे चलन झपतालाची सवय असलेल्या श्रोत्याला मुळीच अवघड वाटणार नाही. परदेशी यादी येथे थांबवली तरी चालेल. संग्रह नावांच्या संख्येने मोठा होत नसतो.

कारण खरा ऐवज घरातच आहे. मनमाड-दौंड रेल्वेमार्गावरील पुणतांबे या गावी जन्मलेले रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी १९५१ मध्ये भगवानदादांच्या ‘अलबेला’ला संगीत दिले. ‘शोला जो भडके’ हे त्यातील गाणे ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. पण त्यांचे सहायक कोण होते? गोव्यातील आल्दोना गावचे आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईचे नृत्यरसिक त्यांना ‘चिक चॉकलेट’ म्हणत आणि भारताचा आर्मस्ट्राँग मानीत. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीच्या कृष्णवर्णीय वाद्यवृंदाने ताजमहाल हॉटेलात जाझ आणले; त्यानंतर तेथे जी परंपरा रुजली तिचे हे वारस. ‘अलबेला’तील ‘दीवाना परवाना’ या गाण्यात तर त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरच दिसतो.

हॉटेलातील वादक चित्रपटाच्या स्टुडिओत का आले, याचे उत्तर मुख्यतः पोटापाण्याच्या हिशेबात आहे. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई, पण त्या विद्येला गावात गिऱ्हाईक नव्हते. म्हणून हे तरुण मुंबईला येत आणि धोबीतलावच्या परिसरातील आपापल्या गावच्या ‘कूड’मध्ये राहत. स्वातंत्र्यानंतर गोरे आणि संस्थानिक हे आश्रयदाते गेले; १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील रात्री ओसाड केल्या. दुसरीकडे चित्रपटाला मोठा वाद्यमेळ हवा होता. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधी, पण तीस-चाळीस वाद्यांसाठी ती कागदावर मांडणारा आणि तो कागद पाहताक्षणी वाजवणारा माणूस लागे. तो गोव्याने पुरवला. सेबास्टियन डिसोझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची अशी मांडणी वर्षानुवर्षे केली. मोबदला कामापुरता मिळे. तबकडीवर नाव मात्र छापले जात नसे.

याला कोणी व्यवसायाची रीत म्हणेल. पण रीती बदलतात. १९४९ च्या ‘महल’मधील प्रसिद्ध गाण्याच्या पहिल्या तबकड्यांवर लता मंगेशकरांचेही नाव नव्हते, पात्राचे ‘कामिनी’ हे नाव होते. गायकांना पुढे त्यांचे नाव मिळाले, वादकांना मिळाले नाही. जाझच्या तबकड्यांची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे ड्रमवादकाचेही नाव आणि ध्वनिमुद्रणाची तारीख संग्राहकांना पाठ असते. ज्या जुन्या लेबलांवर ही नावे नव्हती तेथे संग्राहकांनीच चिकाटीने शोधून त्यांच्या सूची केल्या. जाझची आवड लागणार असेल, तर ही सवयही सोबत यावी.

त्या दृष्टीने आणखी दोन तबकड्या मिळवाव्यात. एक, शंकर-जयकिशन यांची १९६८ सालची ‘रागा जाझ स्टाइल’. रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचा ट्रंपेट आणि अकरा राग. सगळेच तुकडे सारखे जमले आहेत असे नाही. काही ठिकाणी राग आणि जाझ शेजारी-शेजारी बसतात, एकमेकांशी बोलत नाहीत. तरीही स्टुडिओतील ही मंडळी गाण्याच्या मध्यंतरातून बाहेर येऊन मोकळी वाजताना ऐकायला मिळतात, हे थोडे नाही. दुसरी, ख्रिस पेरी यांनी संगीत दिलेली लोर्ना यांची कोकणी गाणी. ती मराठी श्रोत्याला शब्दांसकट कळतात, मग इतकी कमी घरांत का ऐकली जातात, हे एक कोडेच आहे.

जुन्या तबकड्या घेताना एक तांत्रिक पथ्य पाळावे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते. दीर्घ तबकडीची बारीक सुई तिच्या तळाशी घासते, आवाज खरखरीत येतो आणि दोष बिचाऱ्या वादकाच्या माथी जातो. तिला वेगळी, जाड सुई लागते. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्या आवृत्तीसाठी मात्र पैसे उधळण्याचे कारण नाही, तिचे पुनर्मुद्रण सतत होत आले आहे. ‘अलबेला’ची मूळ तबकडी रद्दीवाल्याच्या पोत्यात गेली, तर तीच प्रत पुन्हा हाती येणार नाही.

मनोहारी सिंग २०१० मध्ये गेले, व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस २०१२ मध्ये, कर्सी लॉर्ड २०१६ मध्ये. ग्रेगरी बूथ यांनी २००८ च्या आणि नरेश फर्नांडिस यांनी २०१२ च्या आपापल्या इंग्रजी पुस्तकांत यांतील कितीतरी नावे नोंदवून ठेवली आहेत. ती पुस्तके शेजारी ठेवून, जेथे खात्री पटेल तेथे, तबकडीच्या पाकिटावर वादकाचे नाव पेन्सिलीने लिहिता येते. लेबलावर शाईने लिहू नये. ती पुसत नाही आणि चूक झाली तर तीही कायमची राहते.