अक्षता आधी, ‘सावधान’ मागाहून

नगर असो, संगमनेर असो की शेवगाव, लग्नाची जुनी कॅसेट डीव्हीडीवर उतरवताना सगळं लक्ष चित्राकडे असतं. फसतो तो आवाज. अक्षता पडून गेल्यावर ‘सावधान’ ऐकू येतं आणि दोष प्लेअरला दिला जातो. खरं कारण बहुधा आकड्यांत असतं. सनईची सीडी सेकंदाला 44,100 नमुने घेते, मिनीडीव्ही कॅमेरा 12 बिटवर ठेवला असेल तर 32,000, आणि डीव्हीडीला सहसा 48,000 लागतात. सीडीचे नमुने न बदलता 48,000 च्या वेगाने वाजवले, तर तासाची सनई सुमारे 55 मिनिटांत आटोपते, तीही चिरक्या सुरात. म्हणून आवाज आधी वेगळा काढून 48,000 वर आणावा, मगच चित्राशी जोडावा.

सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, असं कुणी म्हणेल. दर बदलतं, खरं आहे. पण आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल, तर दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत 50 भागांचा फरक धरला, तरी दोन तासांत 0.36 सेकंद, म्हणजे आपल्या पाल पद्धतीत 9 चौकटी सरकतात. तेव्हा सुरुवातीची टाळी जुळली म्हणून खूश होऊ नये, शेवटचीही तपासावी. आवाज न दाबता पीसीएममध्ये ठेवण्याचा हट्टही महागात पडतो: दोन तासांना सुमारे 1.38 जीबी, आणि डिस्क जेमतेम 4.7 ची. 192 केबीपीएसच्या एसी-3 ला 173 एमबी पुरतात. मंगलाष्टकांना तेवढं पुष्कळ झालं.