मिरचीच्या आठ कुंड्या आणि रँडमायझेशन

बाल्कनीत मिरची लावली की पानं वळणार, हे जवळपास ठरलेलंच. शेतकरी याला चुरडा-मुरडा म्हणतात. विषाणू, फुलकिडे, कोळी, कारणं बरीच. मग कुणीतरी सांगतं, आंबट ताक फवार. तुम्ही आठपैकी चार कुंड्यांवर फवारता आणि त्या खरंच सुधारतात! आनंद होतोच, व्हायलाही हवा. पण त्या चार कुठल्या होत्या? बहुधा कठड्याजवळच्या, कारण तिथे हात सहज पोचतो. ऊनही तिथेच जास्त. मग गुण ताकाचा की उन्हाचा? याला कन्फाउंडिंग म्हणतात. नंतर कितीही भारी सॉफ्टवेअर वापरा, या मांडणीतून दोन्ही परिणाम वेगळे काढता येत नाहीत.

रोनाल्ड फिशर 1919 मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात रुजू झाले, तिथेही अडचण हीच: एकाच शेताचा एक कोपरा कसदार, दुसरा हलका. त्यांचा उपाय बाल्कनीतही चालतो. कठड्याजवळच्या चार कुंड्यांचा एक ब्लॉक, भिंतीजवळच्या चारांचा दुसरा. प्रत्येक ब्लॉकमध्ये चिठ्ठ्या टाकून दोन कुंड्या ताकासाठी निवडा. मनाने निवडू नका, मन हमखास तरतरीत रोप उचलतं. उरलेल्यांवर तेवढंच साधं पाणी फवारा, कारण नुसत्या पाण्यानेही कोळी धुऊन जाऊ शकतात.

वळलेली पानं मोजायला आईला बसवा, पण ताकाचा वास गेल्यावर, आणि कुठल्या कुंडीत काय फवारलंय ते न सांगता. पोह्यांसाठी तिने तोडलेल्या मिरच्याही वहीत लिहा.