स्टीरिओ प्रीअँप्लिफायरवरील अतिरिक्त नियंत्रणे

स्टीरिओ प्रीअँप्लिफायर किंवा पूर्वप्रवर्धक हे तबकडीवादक, टेपरेकॉर्डर, रेडिओ इत्यादी ध्वनिस्रोतांकडून येणारा क्षीण विद्युत्संकेत मुख्य प्रवर्धकाला पुरेल इतका वाढविणारे उपकरण आहे. स्रोत निवडण्याची कळ आणि आवाज लहानमोठा करण्याचे बटण एवढ्यावर त्याचे काम भागते. तथापि अनेक प्रीअँप्लिफायरांवर याखेरीज बास, ट्रेबल, बॅलन्स, मोनो, फिल्टर, लाउडनेस, ध्वनिमुद्रण-वक्राची निवड अशी नियंत्रणे असतात. ‘संकेताच्या वाटेत जितके कमी अडथळे तितका आवाज शुद्ध’ या मतामुळे १९८०च्या दशकापासून महागड्या उपकरणांवरून ती हळूहळू नाहीशी झाली. नव्या, उत्तम प्रतीच्या ध्वनिमुद्रणापुरते हे मत ग्राह्य आहे. मात्र नाट्यपदांच्या आणि जुन्या ख्यालगायकीच्या ७८ गतीच्या तबकड्या ऐकणाऱ्या हौशी संग्राहकाला या नियंत्रणांवाचून गत्यंतर नाही, कारण त्या तबकड्या आजच्या प्रमाण पद्धतीने मुद्रित झालेल्याच नाहीत.

पार्श्वभूमी

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांच्या गायनाने झाला असे मानले जाते. प्रारंभीची मुद्रणे कर्ण्यासमोर गाऊन केलेली, म्हणजे निव्वळ यांत्रिक होती. कर्ण्याने टिपलेली कंपने सुमारे २०० ते ३,००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात मावत. १९२५ नंतर मायक्रोफोन व विद्युत्-प्रवर्धक यांच्या साहाय्याने मुद्रण होऊ लागले व हा पट्टा दोन्ही बाजूंनी रुंदावला. उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांची १९०५च्या सुमाराची मुद्रणे पहिल्या प्रकारची, तर १९३०च्या दशकातील मुद्रणे दुसऱ्या प्रकारची आहेत. बालगंधर्वांचा (१८८८–१९६७) ध्वनिमुद्रणाचा काळही असाच दोन्ही युगांत पसरलेला आहे. त्यामुळे एकाच गायकाच्या दोन तबकड्या एकामागोमाग लावताना प्रीअँप्लिफायरची मांडणी बदलावी लागते. ती न बदलल्यास ऐकणारा तबकडीचा दोष गायकाच्या माथी मारतो. ‘पूर्वीचे लोक नाकात गात’ हा शेरा बऱ्याच वेळा कर्ण्याने गाळलेल्या खर्जामुळे ऐकावा लागतो.

ध्वनिमुद्रण-वक्राची निवड

तबकडीवर खोदलेला खाचेचा माग हा ध्वनीचा हुबेहूब आलेख नसतो. खर्जातील स्वरांसाठी खोदणारी सुई फार मोठे हेलकावे घेईल व शेजारच्या खाचेत घुसेल, म्हणून मुद्रणाच्या वेळी खर्ज कमी केला जातो. उलट तार कंपने वाढवून खोदली जातात, म्हणजे वाजविताना ती पुन्हा कमी करता येतात आणि त्यांच्याबरोबर पृष्ठभागाची खरखरही दबते. या वाढ-घटीच्या प्रमाणास ध्वनिमुद्रण-वक्र म्हणतात. वाजविताना प्रीअँप्लिफायरने नेमका उलटा वक्र लावावा अशी अपेक्षा असते.

१९५४ साली अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण उद्योग संघटनेने ‘आरआयएए’ या नावाने ओळखला जाणारा वक्र प्रमाण ठरविला व पुढे तो सर्वत्र रूढ झाला. वाजविताना हा वक्र १,००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९.३ डेसिबल वाढ आणि १०,००० हर्ट्झला सुमारे १३.७ डेसिबल घट करतो. त्यापूर्वी मात्र प्रत्येक कंपनीचा वक्र वेगळा होता. अमेरिकन कोलंबियाच्या विद्युत्-मुद्रणांत खर्जाची घट सुमारे ३०० हर्ट्झपासून सुरू होत असे. ब्रिटिश एचएमव्हीच्या ७८ गतीच्या बऱ्याच तबकड्यांसाठी ही मर्यादा २५० हर्ट्झच्या आसपास धरतात, आणि त्यांच्यात तार कंपने मुद्दाम वाढविलेली नसतात. भारतातील एचएमव्ही ही त्याच कंपनीची शाखा असल्याने येथील संग्राहक प्रथम हाच वक्र लावून पाहतात व पुढचे कानाने ठरवितात. यांत्रिक मुद्रणांत तर विद्युत्-वक्राचा प्रश्नच नव्हता.

अशी तबकडी आजच्या साध्या प्रीअँप्लिफायरवर लावली की जी तार कंपने कधी वाढविलीच नव्हती तीही आरआयएए वक्र कापून टाकतो आणि खर्ज गरजेपेक्षा फुगवितो. डग्गा घुमतो, तानपुऱ्याची जवारी मालवते आणि गायक कांबळे पांघरून गात असल्याचा भास होतो. १९५०च्या दशकातील मॅकिन्टॉश सी-८ सारख्या प्रीअँप्लिफायरांवर खर्ज व तार यांच्या वक्रांची निवड करणाऱ्या स्वतंत्र कळा होत्या त्या याचसाठी. अशी सोय नसेल तर ट्रेबल बरेच वाढवून व बास थोडा उतरवून पुष्कळशी भरपाई साधते. ती नेमकी नसते, पण ऐकण्यापुरती चालते.

मोनो कळ

अतिरिक्त नियंत्रणांतील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित कळ हीच होय. ७८ गतीच्या बहुतेक तबकड्या व जुन्या मोनो दीर्घवादी तबकड्या यांत सुई फक्त आडवी हलावी अशी खाच असते. स्टीरिओ पिकअप मात्र आडव्याबरोबर उभी हालचालही टिपतो. या उभ्या हालचालीत संगीत मुळीच नसते. तेथे धूळ, झीज आणि फिरत्या चकतीची घरघर असते. मोनो कळ दाबली की दोन्ही वाहिन्यांची बेरीज होते. आडवी हालचाल दोन्हींत समान असल्याने ती टिकते, उभी हालचाल विरुद्ध असल्याने परस्परांना खाऊन टाकते. दोन वाहिन्यांत असंबद्ध असलेली खरखरही संगीताच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबलने घटते. कोणताही स्वर न गमावता एवढी स्वच्छता दुसऱ्या कोणत्याही बटणाने मिळत नाही.

काही उपकरणांवर केवळ डावी किंवा केवळ उजवी वाहिनी दोन्ही ध्वनिवर्धकांकडे पाठविण्याची सोय असते. लोखंडी सुयांनी वर्षानुवर्षे वाजविलेल्या तबकडीत खाचेची एक भिंत दुसरीपेक्षा अधिक झिजलेली असू शकते. अशा वेळी बेरजेपेक्षा एकच चांगली भिंत ऐकणे श्रेयस्कर ठरते. पाथे कंपनीच्या जुन्या तबकड्यांत याउलट ध्वनी उभ्या हालचालीत असतो. तेथे एका वाहिनीची कला उलटी करून मग मोनो करावे लागते. कला उलटविणारी कळ नसल्यास पिकअपच्या एका वाहिनीच्या दोन तारांची अदलाबदल करूनही हे साधते.

फिल्टर

खर्जाकडील फिल्टर साधारणतः १५ ते २० हर्ट्झखालील हालचाल अडवितो. वाकलेली दीर्घवादी तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेताना दर फेऱ्यास सुईला वरखाली करते. कानाला हे ऐकू येत नाही, पण ध्वनिवर्धकाचा पडदा डोळ्यांना दिसेल इतका हलतो व प्रवर्धकाची शक्ती वाया जाते. हा फिल्टर बहुधा लावलेलाच ठेवावा.

तार बाजूचा, म्हणजे खरखर कमी करणारा फिल्टर हे दुधारी शस्त्र आहे. १९६७ सालच्या क्वाड ३३ या ब्रिटिश प्रीअँप्लिफायरवर तो ५, ७ व १० हजार हर्ट्झ अशा तीन ठिकाणी लावता येत असे, शिवाय त्याचा उतार तीव्र की सौम्य हेही ठरविता येई. खरखर ऐकवत नाही म्हणून नवखा श्रोता थेट ५ हजारावर जातो. खरखर जाते, परंतु तिच्याबरोबर मराठी उच्चारांची धारही जाते. ‘स’ आणि ‘श’ यांतील भेद, तसेच ‘चार’मधील तालव्य आणि ‘चारा’मधील दंततालव्य ‘च’ यांतील भेद बव्हंशी याच वरच्या पट्ट्यात राहतो. नाट्यपदात शब्दच गेला तर पदाचे अर्धे प्रयोजन गेले. यासाठी अनुभवी संग्राहक प्रथम फिल्टरविना पद ऐकतात, शब्द मनात पक्के करतात आणि मग शब्दांना धक्का न लागेल इतपतच फिल्टर खाली आणतात. यांत्रिक मुद्रणात वरच्या पट्ट्यात ध्वनी नसतोच, म्हणून तेथे ५ हजारांचा फिल्टर निर्धास्तपणे लावता येतो.

बास, ट्रेबल, लाउडनेस व बॅलन्स

आजच्या बहुतेक बास-ट्रेबल नियंत्रणांचे मूळ पीटर बॅक्सँडल या ब्रिटिश अभियंत्याने १९५२ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात प्रसिद्ध केलेल्या मंडलात आहे. बटण मध्यावर असताना हे मंडल संकेतात बदल करीत नाही, आणि ही त्याची मोठी सोय होय.

लाउडनेस कळेमागे फ्लेचर व मन्सन यांचे १९३३ सालचे संशोधन आहे. आवाज लहान केला की मानवी कानाला खर्ज विशेष कमी ऐकू येतो. रात्री हलक्या आवाजात ऐकताना ही कळ खर्ज, व काही उपकरणांत तार कंपनेही, वाढवून देते. मोठ्या आवाजात ती चालू राहिल्यास तबला ढोलासारखा वाजू लागतो.

बॅलन्सचे काम दोन्ही बाजूंची पातळी जुळविणे. मोनो करण्यापूर्वी पिकअपच्या दोन वाहिन्या समपातळीत आणण्यासाठी त्याचा उपयोग होतो, परंतु त्यासाठी ते नियंत्रण मंडलात मोनो कळेच्या आधी असावे लागते. सर्वच प्रीअँप्लिफायरांत तसे नसते.

नियंत्रणांच्या कक्षेबाहेरील बाबी

दोन गोष्टी कोणत्याही बटणाने दुरुस्त होत नाहीत. पहिली सुईची. ७८ गतीच्या तबकडीची खाच रुंद असल्याने तिला सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते. दीर्घवादी तबकडीचे सुमारे १८ मायक्रॉनचे टोक खाचेच्या तळाशी घसटत राहते आणि मग प्रीअँप्लिफायरवर कितीही खटपट केली तरी खरखरच हाती लागते.

दुसरी गतीची. ‘७८’ हा आकडा प्रारंभीच्या काळात काटेकोर नव्हता. ७४ फेऱ्यांनी मुद्रित तबकडी ७८ने वाजविल्यास स्वर सुमारे ५.४ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ एक पट्टी चढतो. पांढरी एकमधील गायन काळी एकच्या जवळ पोहोचते, लय वाढते आणि आवाज पोरका वाटू लागतो. संग्राहक येथे संवादिनी जवळ घेऊन बसतात व गायकाच्या नेहमीच्या पट्टीशी षड्ज ताडून चकतीची गती बदलतात.

कोकणातील निगा

पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यातील दमट हवेत अतिरिक्त नियंत्रणांचा एक तोटाही प्रत्ययास येतो. जितक्या कळा तितके धातूचे संपर्कबिंदू, आणि प्रत्येक बिंदूवर पावसाळ्यात गंज धरतो. बटण फिरविताना कडकड ऐकू येणे किंवा एक वाहिनी अधूनमधून बंद पडणे ही त्याची लक्षणे होत. उपकरण बंद ठेवून प्रत्येक बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरविल्याने किरकोळ गंज निघतो. न निघाल्यास संपर्क स्वच्छ करणारा फवारा वापरतात. तबकड्यांवरील बुरशी पुसताना मात्र सावधगिरी हवी. ७८ गतीच्या तबकड्या लाखेपासून बनविलेल्या असतात आणि लाख मद्यार्कात विरघळते. दीर्घवादी तबकड्यांसाठी मिळणारे मद्यार्कयुक्त द्रावण त्यांना लावल्यास खाचाच नष्ट होतात.

अंकीय प्रती व नियंत्रणांची मर्यादा

१९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था स्थापन झाली. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचे नियतकालिक होय. पुढील काळात खाजगी संग्रहांतील तबकड्यांच्या अंकीय प्रती होऊ लागल्या आणि या नियंत्रणांच्या वापराला नवे गांभीर्य आले. ऐकताना फिरविलेले बटण उद्या मागे नेता येते, पण प्रत करताना लावलेला फिल्टर त्या प्रतीत कायमचा बसतो. मूळ तबकडी पुढे फुटली किंवा हरवली तर गेलेले व्यंजन कोणालाही परत आणता येत नाही. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही जतनाची प्रत व्यक्तिगत आवडीनुसार न सुधारता करावी असे सांगितले आहे.

त्यामुळे दोन प्रती करणे इष्ट होय. पहिली जतनाची. तीत दोन्ही वाहिन्या वेगळ्या ठेवतात, खरखर तशीच राहू देतात आणि बास, ट्रेबल, लाउडनेस यांना हात लावीत नाहीत. दुसरी ऐकण्याची, तिच्यावर हवे ते संस्कार करावेत. पहिल्या प्रतीसोबत सुईच्या टोकाचे माप, चकतीची गती, प्रीअँप्लिफायरवर लावलेला वक्र आणि तबकडीच्या मधल्या भागातील कोरीव क्रमांक यांची नोंद ठेवतात. वक्र बदलता येत नसल्यास ‘आरआयएए’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे तो संगणकावर नंतर उलटविता येतो.