आधी घरच्या भाषेत विचारा

सकाळी ८. धारणीहून निघायच्या आधी पिशवी तपासते. आकारांच्या दहा ठोकळ्यांचा लाकडी फळा, चित्रकार्डं, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, एक डफली. मी तालुक्याची विशेष शिक्षिका. मेळघाटातल्या माझ्या बहुतेक मुलांच्या घरी कोरकू बोलतात. ही मुंडा कुळातली भाषा, संथाळी-मुंडारीच्या गोतातली. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. त्यामुळे पहिलीतलं मूल गप्प बसलं, तर ते भाषेमुळे की ऐकण्या-समजण्यातल्या अडचणीमुळे, हे ओळखण्यात माझा दिवस जातो.

९:३०. वाटेत अंगणवाडीच्या ताईंना गाडीवर घेते. त्या कोरकू. त्यांच्याशिवाय मी कुठलीच तपासणी करत नाही. माझं अर्धं काम त्यांच्या भाषेवर चालतं आणि या कामाचा त्यांना एक रुपया मिळत नाही. हा सरळ अन्याय आहे. मी दर बैठकीत तो मांडते.

१०:३०. शाळा. गुरुजी तिसरीतल्या एका मुलाला पुढे करतात. "मॅडम, याले काहीच समजत नाही. मतिमंदात नाव घेऊन टाका."

मी काही न बोलता फळा उलटा करते. ठोकळे सांडतात. मुलगा एकदा माझ्याकडे बघतो आणि भराभर सगळे आपापल्या खाचेत बसवतो. मग ताई त्याच्याशी कोरकूत बोलतात. काल शेळ्या कुठे नेल्या, किती होत्या, परत किती आल्या. एक शेळी मागे का राहिली, ती कशी शोधली, हे तो हातवारे करत सांगतो. त्याचं सांगणं थांबतच नाही. या मुलाला प्रमाणपत्र नको. वाचनाची सुरुवात त्याच्या बोलीतून करून देणारं कुणीतरी हवं. बौद्धिक अक्षमतेचा शिक्का एकदा बसला की शिक्षक त्याला प्रश्न विचारणंच सोडतात.

उलटी चूकही तितकीच घातक. दुसरीतली एक मुलगी यादीत नाहीच. "कोरकू आहे, लाजते, बोलेल हळूहळू," असं दोन वर्षं सगळे म्हणत आले. मी तिच्या मागे उभी राहून डफली वाजवते. बाकीची पोरं वळतात, ती वळत नाही. आई शेतातून येते. ताई विचारतात, घरी हाक मारल्यावर ओ देते का? नाही; खांद्याला हात लावावा लागतो. कान लहानपणापासून वाहतो. म्हणजे अडचण घरच्या भाषेतही आहे. हिला कानाच्या डॉक्टरांकडे न्यायलाच हवं, लवकर.

हा घरचा प्रश्न मी आधी विचारते, कारण छापील चाचण्या इथे पुऱ्या पडत नाहीत. वाचनातली अडचण शोधणारी 'डाली' ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. २०११च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सव्वासात लाखांच्या घरात होते, पण त्यांच्या भाषेतली तशी चाचणी माझ्या हाती नाही. मराठीत घेतलेल्या तपासणीत कोरकू मूल कमी पडलं, तर त्या गुणांवरून मी कसलाच निष्कर्ष काढत नाही.

दुपारी १. खिचडी. पोरांच्या पंगतीतच जेवते. कोण कुणाशी किती बोलतं, ते इथे खरं दिसतं.

२:३०. पाड्यावर सेरेब्रल पाल्सी असलेला नऊ वर्षांचा मुलगा. शाळेत येणं त्याला झेपत नाही, म्हणून शिक्षण घरी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि तो हक्क या खाटेपर्यंत पोचवणं माझी नोकरी आहे. त्याच्या आईला कुणीतरी सांगितलं होतं, पोराशी मराठीतच बोला, दोन भाषांनी तो गोंधळेल. तिला मराठी जेमतेम येतं. म्हणून तिने बोलणंच बंद केलं होतं. या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. दोन भाषांनी दिव्यांग मूल गोंधळतं हा समज खोटा आहे. आईच्या गप्प राहण्याने मात्र त्याचं नुकसान होतं. आता पुठ्ठ्यावर त्याच्याच घरातले फोटो चिकटवलेत: हंडा, शेळी, आजी, चूल. तो नजरेने दाखवतो, आई कोरकूत नाव घेते, मी मागून मराठीत. आज त्याने आजीकडे बघितलं, मग हंड्याकडे. आजीने पाणी आणलं.

५:१५. कार्यालय. नोंदी, मग त्या मुलीचा संदर्भ अर्ज. श्रवण तपासणी, पुढे लागलं तर ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. अमरावती दीडशेक किलोमीटर दूर आणि बापाची मजुरी बुडणार. माझ्याकडच्या अर्जात घरच्या भाषेचा रकाना नाही. मी वरच्या कोऱ्या जागेत लाल शाईने लिहिते: 'घरची भाषा कोरकू. तपासणी दुभाष्यासह करावी.' मग ताईंना फोन लावते. त्या दिवशी त्या सोबत येऊ शकतील का, आणि त्यांच्या एसटीचं तिकीट कुठल्या खर्चात बसवायचं, हे ठरवायचं आहे.