मुखकर्करोग आणि विषाणुसंसर्ग
शिरूर व दौंड तालुक्यांत कार्य करणाऱ्या आम्हां वैद्यांस मिश्री, तंबाखू व सुपारी ही मुखकर्करोगाची प्रमुख कारणे सुपरिचित आहेत. तथापि ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार हेही एक कारण होय. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी या विषाणूंचा संबंध दाखविणारे हाराल्ड झुर हाउझेन २००८ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. या विषाणूची ई-६ व ई-७ प्रथिने पेशींच्या वाढीस आवर घालणारी पी-५३ व आरबी प्रथिने निष्प्रभ करतात. त्याचा प्रादुर्भाव मुख्यतः टॉन्सिल व जिव्हामूळ येथे होतो. गाल व हिरड्यांच्या कर्करोगात त्याचा वाटा अल्प आहे. म्हणून निर्व्यसनी रुग्णासही निर्धोक समजू नये.

सुश्रुताचार्यांनी सात अधिष्ठानांतील ६५ मुखरोग वर्णिले आहेत. जिव्हा व कंठ त्यांतीलच. मुखपरीक्षण तेथपर्यंत व्हावे. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, एकाच बाजूचा वाढलेला टॉन्सिल वा मानेतील वेदनारहित गाठ आढळल्यास कवल-गंडूषांत कालापव्यय न करता रुग्णास बायोप्सीसाठी पाठवावे. खदिरादि वटी वारंवार नेणाऱ्या ग्राहकाची औषधविक्रेत्यांनीही आस्थेने विचारपूस करावी. वेळीच निदान झाल्यास रुग्ण वाचू शकतो. विलंबाचे उत्तरदायित्व मात्र आपणांवरच येते.